नवी गाडी थरथरते? आधी कधी थरथरते ते पाहा

२००५ साली टाटा एस बाजारात आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने गावोगाव पोचली. तेव्हापासून फळांचे व्यापारी, मंडपवाले, फर्निचरचे कारागीर, यंत्रमागाचा माल पोचविणारे अशा कित्येक छोट्या धंदेवाल्यांनी भाड्याचा टेम्पो सोडून स्वतःचे मालवाहन घेतले. बहुतेकांचे वाहन कर्जावर असते. गाडी चालो वा न चालो, हप्ता तारखेला भरावाच लागतो. अशा नव्याकोऱ्या गाडीचे स्टिअरिंग पहिल्या महिन्यातच थरथरू लागले, किंवा ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढू लागली, की मालकाचा जीव खालीवर होतो. शोरूममध्ये जावे तर ‘नवी गाडी आहे, थोडी चालू द्या, आपोआप बसेल’ असे उत्तर मिळते.

हे उत्तर कधी खरेही असते. पण ते केव्हा खरे आणि केव्हा टोलवाटोलवीचे, हे मालकाला कळले पाहिजे. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. गाडी नेमकी कधी थरथरते, एवढे नीट पाहिले की निम्मा रोग सापडतो. ‘गाडी व्हायब्रेट होते’ एवढेच सांगितले तर वर्कशॉपवाला अंदाजाने काम करतो. ‘६५ च्या वेगाला थरथरते, ब्रेक दाबल्यावर नाही’ असे सांगितले तर त्याला नेमक्या जागी हात घालावा लागतो.

ब्रेक न दाबता थरथर

सपाट रस्त्यावर ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या आसपास थरथर सुरू होते आणि वेग कमी केला की थांबते, अशी तक्रार असेल तर संशय प्रथम चाकांच्या बॅलन्सिंगवर घ्यावा. रिमवर लावलेले शिशाचे वजन पडलेले असते, खड्ड्यात आपटून रिम वाकलेली असते, किंवा रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलेला असतो. गाडी विक्रीपूर्वी बरेच दिवस एकाच जागी उभी असेल तर टायर खालून चपटा पडतो. असा टायर तापल्यावर बहुधा गोल होतो. म्हणून सकाळी पहिले काही किलोमीटर थरथर आणि नंतर काही नाही, असे असेल तर थोडे दिवस वाट पाहण्यास हरकत नाही. तापूनही थरथर राहिली तर टायर दाखवावा.

थरथर हातात जाणवते की बसण्याच्या जागेखाली, हेही पाहावे. स्टिअरिंगमध्ये जाणवली तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, सीटखाली जाणवली तर मागच्या. पुढची-मागची चाके एकाच मापाची असतील तर अदलाबदल करून पाहावी. थरथर हातातून सीटखाली गेली तर दोष त्या चाकातच आहे. ज्या पिकअपला मागच्या चाकांना जोर असतो, तिथे माल भरून ॲक्सिलरेटर दाबतानाच धडधड होत असेल तर प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस तपासून घ्यावेत.

मात्र या सगळ्याआधी चाकांचे नट पाहावेत. ढिल्या नटांनीही गाडी थरथरते, आणि तो दोष जीवावर बेतणारा आहे.

ब्रेक दाबल्यावरच थरथर

एरवी गाडी शांत चालते, पण वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हलते आणि पायाखाली पेडल धडधडते. येथे बॅलन्सिंगवर पैसे घालवू नयेत. दोष ब्रेकच्या डिस्कमध्ये किंवा मागच्या ड्रममध्ये असतो. ‘डिस्क तापून वाकडी झाली’ असे सर्रास म्हटले जाते. पुष्कळदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हबवर गंज किंवा कचरा असताना डिस्क बसविली, किंवा चाकाचे नट कमीजास्त आवळले, की डिस्क किंचित तिरकी फिरते आणि एका जागी जास्त झिजते. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत पॅडखालच्या भागावर गंजाचा ठसा उमटतो. वरवरचा गंज पहिल्या काही ब्रेकांतच निघून जातो, ठसा खोल असेल तर जात नाही.

हा फरक डोळ्यांना दिसत नाही, कारण तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो. लेथवर काम करणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंना डायल गेज नवा नाही. तोच गेज डिस्कला लावून ‘रनआउट’ मोजतात. तेव्हा वर्कशॉपमध्ये ‘डिस्क बघितली, ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. गेजने मोजली का, आकडा किती आला आणि कंपनीची मर्यादा किती, हे विचारावे.

एक खुलासा. गाडीला एबीएस असेल तर अचानक जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरते आणि घरघर आवाज येतो. तो दोष नाही, यंत्रणा आपले काम करीत असते. साध्या, हलक्या ब्रेकला तसे होऊ लागले तर मात्र दाखवावे.

गाडी ओढते, पेडल खाली जाते

ब्रेक न दाबताही गाडी एका बाजूला जात असेल तर थंड टायरमधली हवा मोजावी, मग अलाइनमेंट पाहावी. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर एका बाजूचा ब्रेक कमी धरतो किंवा दुसऱ्या बाजूचा जाम आहे. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबावे आणि चाकांजवळ हात न लावता धग पाहावी. एकच चाक जास्त तापले असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. अशी गाडी डिझेलही जास्त पिते.

पेडल मऊ लागते, दोन-तीनदा मारल्यावरच ब्रेक लागतो, किंवा दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते, तर ब्रेकच्या नळ्यांत हवा आहे, ऑइल गळते आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब आहे. ब्रेक ऑइलची पातळी तत्काळ पाहावी. ही गाडी चालवत शोरूमला नेऊ नये, त्यांना बोलवावे. पेडल दगडासारखे कडक लागत असेल तर इंजिन बंद करून ते चार-पाच वेळा मारावे, दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर चालू आहे, न गेले तर तो तपासावा.

कागद सांभाळा

तक्रार तोंडी करू नये. किती वेगाला, रिकामी की भरलेली, ब्रेक दाबून की न दाबता, हे सारे जॉबकार्डवर लिहून घ्यावे. तारीख आणि किलोमीटर हवेतच. प्रत्येक फेरीचे जॉबकार्ड जपून ठेवावे. शोरूमला दाखविण्याआधी ओळखीच्या मेकॅनिककडून डिस्क घासून घेऊ नये, नंतर वॉरंटी नाकारण्यास निमित्त मिळते. आर.सी.वर नोंदलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरणे हेही तसेच निमित्त आहे, शिवाय त्याने ब्रेक खरोखरच खराब होतात.

‘गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असे कोणी सांगितले तर घाबरू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे, जो माणूस केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन वापरतो, तो ग्राहकच ठरतो. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले आहे की, स्वतः चालविण्यासाठी रिक्षा वा ट्रक घेणारा ग्राहक आहे, आणि मदतीला एक-दोन माणसे ठेवल्याने त्याचा हक्क जात नाही. अनेक गाड्या पगारी ड्रायव्हर ठेवून चालविणाऱ्याला मात्र हे सिद्ध करणे कठीण जाते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातही करता येते. मुदत, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. प्राथमिक सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

शेवटी एकच विनंती. स्टिअरिंगच्या थरथरीला दोन दिवस थांबता येते, ब्रेकच्या तक्रारीला नाही. ब्रेकबद्दल शंका आली की त्या दिवशीची खेप दुसऱ्याच्या गाडीतून पाठवावी. एका खेपेचा तोटा पुढे भरून निघतो. घाटात ब्रेक न लागलेल्या गाडीचा तोटा कोणत्याच खातेवहीत बसत नाही.