प्रौढ शिक्षण : सहीच्या पुढचा प्रश्न

प्रौढ साक्षरतेचे वर्ग आपल्या वस्त्यांना नवे नाहीत. 1959 मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. 2 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन, 2009 मध्ये साक्षर भारत आणि 2022 पासून 'उल्लास' या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम. कंदील गेला, ट्यूबलाइट आली, पाटीच्या जागी वही आली. योजनांची नावे बदलली, पण एक प्रश्न तसाच पडून राहिला. साक्षर झालेल्या माणसाने पुढे काय करायचे?

हा प्रश्न विचारला की आपल्याला आकडे दाखवले जातात. अमुक इतके लोक साक्षर झाले, तमुक जिल्हा पूर्ण साक्षर झाला. परंतु साक्षर म्हणजे काय, याची व्याख्या कोणी केली? आजच्या कार्यक्रमातील चाचणी 150 गुणांची असते. वाचन 50, लेखन 50 आणि संख्याज्ञान 50. ती उत्तीर्ण झाली की प्रमाणपत्र मिळते. या प्रमाणपत्राला मी कमी लेखत नाही. ज्याच्या बापजाद्यांनी सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठे उमटवले, त्याला अक्षराची किंमत कोणी शिकवण्याची गरज नाही. पण पांढरपेशा माणूस आपल्या मुलाबद्दल कधी 'तो साक्षर झाला' असे समाधानाने म्हणतो काय? त्याच्या घरात साक्षरता हा उंबरठा असतो. आमच्या वाट्याला मात्र उंबरठाच घर म्हणून दिला जातो. ही मर्यादा शिक्षणशास्त्राने घातलेली नाही. ती समाजाने घातलेली आहे.

आपल्या परंपरेने ही मर्यादा कधी मानली नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी 1855 मध्ये कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी स्वतःच्या घरी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला दिवसाची शाळा परवडत नाही, एवढे साधे सत्य त्यांना दिसले होते. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. म्हणजे कामकरी माणसाने थेट महाविद्यालयापर्यंत जावे, हा विचार आमच्याकडे पाऊणशे वर्षांपूर्वीच कृतीत उतरला होता. 2011 च्या जनगणनेत देशाची साक्षरता 73 टक्के होती, अनुसूचित जातींची 66.1 टक्के आणि त्यांतील स्त्रियांची 56.5 टक्के. हे अंतर अक्षरओळखीचे आहे. मॅट्रिकच्या आणि पदवीच्या पातळीवर ते किती रुंदावत असेल, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको.

मी एका वस्तीत रात्रीचा वर्ग चालवतो. वर्गाला येणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या बाया असतात, नाक्यावर उभे राहणारे मजूर असतात, कंत्राटावर झाडू मारणारे असतात. वाचता येऊ लागले की त्यांच्यापैकी काहीजण एकच गोष्ट विचारतात. 'सर, वाचाया येतंय आता. पर कामावर दहावी इचारत्यात, त्याचं काय करायचं?' या प्रश्नाला उत्तर देणे म्हणजेच प्रौढ शिक्षण, असे माझे मत आहे. ते उत्तर देताना कोणते उंबरे ओलांडावे लागतात, ते येथे मांडतो.

पहिला उंबरा कागदाचा. जो शाळेतच गेला नाही त्याच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला कोठून येणार? आणि सरकारदरबारी जन्मतारीख, जात, रहिवास या साऱ्या गोष्टी सिद्ध करताना पहिल्यांदा मागितला जातो तो हाच दाखला. स्वतःचा नसेल तर बापाचा आणा, बापाचा नसेल तर आज्याचा. ज्या पिढ्यांना शाळेच्या पायरीवर चढू दिले नाही, त्यांच्याकडेच शाळेचा पुरावा मागायचा, हा न्याय विलक्षण आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा लागतो. अशा वेळी तहसील कचेरीतील जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना 14 किंवा लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, उपयोगी पडते. म्हणून माझा आग्रह असा, की कागदाचे काम साक्षरता चाचणीनंतर नव्हे, तर वर्गाच्या पहिल्या महिन्यातच सुरू करावे. कारण अक्षर सहा महिन्यांत येते, पण कागदाला कधी कधी त्याहून अधिक काळ लागतो.

दुसरा उंबरा दहावीचा. येथे दोन प्रमुख वाटा आहेत आणि त्यांतील फरक विद्यार्थ्याला नीट समजावून सांगितला पाहिजे. एक वाट राज्य मंडळाची. लोक तिला 17 नंबरचा फॉर्म म्हणून ओळखतात. शाळा मध्येच सुटलेल्याला खाजगीरीत्या दहावीला बसता येते. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, आणि तो हरवला असल्यास दुसरी प्रत व प्रतिज्ञापत्र. चौथी-सातवीपर्यंत शिकून सुटलेल्याला ही वाट ओळखीची वाटते. परंतु तिच्यात इंग्रजी आणि गणितासह मंडळाचे सारे विषय घ्यावे लागतात.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. ही संस्था 1989 मध्ये स्थापन झाली. तिच्याकडे तिसरी, पाचवी आणि आठवी यांना समकक्ष असे मूलभूत शिक्षणाचे तीन टप्पे आहेत. दहावीसाठी किमान वय 14 वर्षे आहे, वरची मर्यादा नाही. महत्त्वाची गोष्ट अशी, की आठवीचे प्रमाणपत्र नसले तरी 'मी माध्यमिक अभ्यासक्रम पुरा करण्याइतका शिकलो आहे' असे स्वतःचे घोषणापत्र देऊन प्रवेश घेता येतो. जन्मतारखेचा पुरावा मात्र लागतो. परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक विषय सोडवत पुढे जाता येते, पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. माध्यमिक स्तरावर मराठी माध्यमही आहे. दिवसा मजुरी आणि रात्री स्वयंपाक करणाऱ्या बाईला एका मार्चमध्ये सारे विषय सोडवता येत नाहीत. दर सहा महिन्यांनी एक विषय मात्र सोडवता येतो. कष्टकऱ्यांच्या जगण्याशी जुळणारी ही रचना आहे, पण ती आमच्या वस्त्यांत पोचलेली नाही.

तिसरा उंबरा विषयनिवडीचा, आणि हा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. मुक्त विद्यालयात पाच विषय निवडायचे असतात. त्यामुळे गणित आणि विज्ञान टाळूनही दहावी होता येते. पास होणे सोपे जाते, म्हणून सल्ला देणारे हाच रस्ता सुचवतात. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रिशियनचा व्यवसाय घ्यायचा असेल तर गणित आणि विज्ञान घेऊन दहावी पास व्हावे लागते. म्हणजे आज सोपा विषय घेऊन मिळवलेले प्रमाणपत्र उद्या त्याच दारात निरुपयोगी ठरते. म्हणून विद्यार्थ्याला पहिला प्रश्न 'तुला काय सोपे जाते' हा विचारू नये. 'तुला कोठे जायचे आहे' हा विचारावा आणि मग मागे येत विषय ठरवावेत.

ज्यांना दहावीपर्यंत थांबणे शक्य नाही, त्यांनाही वाट आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वायरमन, सुतारकाम, शिवणकाम असे काही व्यवसाय आठवीच्या पात्रतेवर शिकता येतात, आणि तेथे वयाची वरची अट नाही. त्याहून खाली जन शिक्षण संस्थान आहे. 1967 मध्ये मुंबईत वरळीला देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. त्याच कल्पनेची ही आजची रूपे. 15 ते 45 वयाच्या निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्या लोकांना ती कौशल्य शिकवतात. 2018 पासून ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत. मात्र एक धोका लक्षात ठेवावा. कौशल्य म्हणजे पुन्हा शिलाई मशीन आणि मेणबत्त्या, एवढ्यावरच आमच्या बायांची बोळवण होता कामा नये. आणि दारांची उंचीही वाढत जाते. अंगणवाडी मदतनिसाला पूर्वी सातवी पुरत असे. महाराष्ट्रात 2023 पासून बारावी लागते. जी बाई सातवीवर थांबली, तिच्या डोळ्यांदेखत दार बंद झाले. म्हणून पुढे चालत राहणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

चौथा उंबरा पैशाचा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1944 मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तिला 2.5 लाख रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. तिच्या बळावर कित्येक पिढ्या उभ्या राहिल्या. परंतु नावातच आहे त्याप्रमाणे ती मॅट्रिकनंतर सुरू होते. मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्त्या शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आहेत. साक्षरता वर्ग आणि मॅट्रिक यांच्या मधल्या चार-पाच वर्षांत प्रौढ माणसाला कोणी हात देत नाही, आणि नेमक्या याच पट्ट्यात आमची माणसे गळतात. ही पोकळी चळवळीने भरली पाहिजे आणि सरकारला भरायला लावली पाहिजे. परीक्षेची फी, प्रवासखर्च आणि परीक्षेच्या दिवसांची बुडालेली मजुरी एवढे जरी मिळाले, तरी कितीतरी जण टिकतील.

शेवटी महाविद्यालय. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शाळेची पायरी न चढलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला, हे त्या काळी मोठेच धाडस होते. परंतु 2009 मध्ये अण्णामलाई विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पहिली पदवी न घेता मुक्त पद्धतीने मिळवलेली पदव्युत्तर पदवी नियमबाह्य ठरवली. त्यातून घ्यायचा धडा असा, की मधल्या पायऱ्या गाळून मिळवलेल्या पदवीवर नोकरीच्या वेळी कोणीही बोट ठेवू शकतो. आम्हांला तर अशा बोटांची सवय आहेच. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना दहावी, बारावी आणि मग मुक्त विद्यापीठाची अथवा सकाळच्या महाविद्यालयाची पदवी, असाच क्रम सांगतो. 'थेट पदवी' विकणारे दलाल वस्तीत हिंडतात. त्यांना दारातूनच परत पाठवावे.

या साऱ्या उंबऱ्यांहून अवघड असा एक उंबरा कागदावर दिसत नाही. चाळिशीची बाई अर्ज घेऊन खिडकीशी उभी राहते आणि आतला माणूस म्हणतो, 'मावशी, या वयात दहावी करून काय करणार?' ती परत येते ती कायमची. पाठ्यपुस्तकाची भाषा तिची नसते आणि तिच्या भाषेला अशुद्ध म्हटले जाते. म्हणून तिच्याबरोबर कोणीतरी जायला हवे. मी दोघा-दोघांच्या जोड्या करतो. एकीला अपमान झाला तर दुसरी बोलते. वर्गातून पुढे गेलेला एखादा दहावी पास गवंडी पुढच्या वर्षी नव्या मंडळींना फॉर्म भरून देतो. त्याचे सांगणे माझ्या सांगण्यापेक्षा त्यांना अधिक पटते, कारण तो कालपर्यंत त्यांच्याच रांगेत होता.

प्रत्येक वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे, कोठे वाचनालय आहे. तेथे एक जाड वही ठेवावी. साक्षरता चाचणी कोण पास झाले, त्याचे कोणते कागद तयार आहेत, कोणते अडले आहेत, कोणता विषय केव्हा द्यायचा आहे आणि सोबत कोण जाणार आहे, एवढे तिच्यात लिहावे. महिन्यातून एकदा ती उघडून सर्वांसमोर वाचावी. ज्याचे नाव दोन महिने पुढे सरकले नाही, त्याच्या घरी जावे. एवढे काम कोणत्याही योजनेची वाट न पाहता उद्यापासून करता येईल. सरकारची वही 'साक्षर' या शब्दापाशी मिटते. आपली वही तेथून पुढे उघडली पाहिजे.