पालकातले लोह आणि प्रबंधातली तळटीप

पालकात लोह भरपूर असते ही समजूत दशांशचिन्हाच्या एका चुकीतून पसरली, अशी गोष्ट अनेकांनी वाचलेली असते. जुन्या काळच्या जर्मन शास्त्रज्ञांच्या हातून आकडा लिहिताना टिंब एक घर सरकले आणि लोह एकदम दहापट झाले! या गोष्टीला बळ मिळाले ते ब्रिटिश रक्तविकारतज्ज्ञ टेरेन्स हॅम्ब्लिन यांच्या लेखामुळे. तो १९८१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता. विषय होता विज्ञानातली बनवेगिरी, पण खुद्द दशांशाच्या गोष्टीला त्यात कुठलाच आधार दिलेला नव्हता. पुढची जवळपास तीस वर्षे 'चुकांपासून सावध राहा' असे बजावणारी मंडळीच ती एकमेकांकडून उचलत राहिली. २०१० साली माइक सटन या अभ्यासकाने तिचा माग काढला, तेव्हा सरकलेल्या टिंबाचा पुरावा कुठेच सापडला नाही. मूळ लेखन न पाहता संदर्भ उचलल्याने अशा दंतकथा कशा फोफावतात, ते नॉर्वेच्या ओले ब्यॉर्न रेकदाल यांनी २०१४ मध्ये याच उदाहरणावरून दाखवले.

उसन्या संदर्भांचा हिशेब मांडण्याचाही प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतले मिखाईल सिमकिन आणि वाणी रायचौधुरी यांनी २००३ साली एका गाजलेल्या शोधनिबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख तपासले. त्यांपैकी १९६ उल्लेखांमध्ये छापील चुका होत्या. या चुका जो तो आपापल्या हाताने करता, तर त्या वेगवेगळ्या निघाल्या असत्या. प्रत्यक्षात चुकांचे प्रकार निघाले फक्त ४५, आणि पान क्रमांकाची एकच चूक तब्बल ७८ ठिकाणी जशीच्या तशी सापडली. यावरून दोघांनी अंदाज बांधला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ निबंध वाचत असावेत.

आपल्याकडे एम.ए.च्या प्रकल्पात किंवा पीएच.डी.च्या प्रबंधात संदर्भसूची बहुधा सबमिशनच्या आदल्या रात्री तयार होते. स्वल्पविराम कुठे, तिरका टाइप कशाला, यावर डोकेफोड चालते. एपीए, एमएलए, शिकागो या पद्धती शिकायलाच हव्यात, पण त्या झाल्या मांडणीच्या रीती. संदर्भाचे खरे काम वाचकाला नेमक्या पानापर्यंत नेऊन सोडण्याचे आहे, आणि लिहिणारा स्वतः त्या पानापर्यंत गेला असेल तरच ते जमते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ घ्या. तो १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने काढला. आजचा विद्यार्थी मात्र तो बहुधा महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडातून वाचतो. पान क्रमांक त्या खंडातला आणि वर्ष १९२३ असे लिहिले, तर मूळ आवृत्ती उघडणाऱ्याला त्या पानावर भलताच मजकूर दिसेल. म्हणून हातातल्या आवृत्तीचीच माहिती द्यावी आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष वेगळे नोंदवावे. बाबासाहेबांचे मत दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात वाचले असेल, तर 'अमक्याच्या ग्रंथात उद्धृत' असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

शब्द जसेच्या तसे घेतले, तर अवतरणचिन्हे आणि पान क्रमांक दोन्ही लागतात. विचार घेऊन आपल्या शब्दांत मांडला तरी श्रेय द्यावेच लागते. चार शब्द इकडचे तिकडे केल्याने मजकूर आपला होत नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, यासारख्या सर्वज्ञात माहितीला मात्र संदर्भाची गरज नसते. टिपण काढतानाच पुस्तकातले वाक्य आणि स्वतःचा विचार वेगवेगळ्या शाईत लिहिण्याची सवय लावून घ्यावी. तीन महिन्यांनी वही उघडल्यावर कोणते वाक्य कुणाचे, हे आठवत बसावे लागत नाही. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर संदर्भांच्या नोंदी सांभाळते आणि हव्या त्या पद्धतीत सूचीही करून देते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्षाची बंदी आहे आणि त्यापुढे थेट नोंदणी रद्द होते. त्यामुळे 'किती टक्के आले?' हाच प्रश्न आता विभागाविभागांत ऐकू येतो. पण सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजते. संदर्भ म्हणून दिलेले पुस्तक विद्यार्थ्याने उघडले होते की नाही, हे त्याला कळत नाही.

चॅटजीपीटीसारख्या साधनांमुळे ही अडचण आणखी वाढली आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी अशा साधनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयासमोर आधार म्हणून मांडले आणि ५,००० डॉलर दंड ओढवून घेतला. एक निवाडा जरी मूळ नोंदींत शोधून पाहिला असता, तरी सारा प्रकार तिथेच उघड झाला असता.

नीट दिलेला संदर्भ कसा असतो, ते पाहायला पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेले पां. वा. काणे यांच्या 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चे खंड एकदा चाळावेत. १९३० ते १९६२ या काळात निघालेल्या या पाच खंडांच्या तळटिपांत काण्यांनी मूळ संस्कृत वचने ग्रंथाच्या नावासह दिली आहेत. वर काण्यांनी लावलेला अर्थ, खाली ज्यावरून तो लावला ते वचन. एखाद्याला तो अर्थ पटला नाही, तर वाद घालण्यासाठी लागणारे साहित्य त्याला त्याच पानावर मिळते.