वहीचे पहिले पान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण मंठाळला जमलो आहोत, त्यांचा एक दंडक होता. पहिल्या पानावर नाव, इयत्ता, विषय आणि तारीख लिहिल्याखेरीज ते वही हाती घेत नसत. तेव्हा तो आम्हांस जाच वाटे. पुढे माजी विद्यार्थ्यांनी घरोघरून आणलेले दाखले, पत्रे व छायाचित्रे शाळेच्या संकेतस्थळावर मांडण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या पहिल्या पानाची उणीव मला पदोपदी जाणवू लागली. संगणकाच्या परिभाषेत या पानास ‘मेटाडेटा’ म्हणतात. म्हणजे माहितीविषयीची माहिती. संकेतस्थळ चालविणारी आशय-व्यवस्थापन प्रणाली कागद वाचत नाही, ती हे पान वाचते. पान चुकले की कागद असून नसल्यासारखा.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची 1943 साली प्रसिद्ध केली, ती याच जातीच्या कष्टांतून. रंगनाथनांनी 1933 च्या द्विबिंदू वर्गीकरणात स्थळ आणि काळ यांना स्वतंत्र पैलू मानले. 1995 साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. त्या बैठकीतून उभा राहिलेला ‘डब्लिन कोअर’ हा पंधरा रकान्यांचा आराखडा आज जगभर वापरला जातो. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, व्याप्ती, हक्क असे ते रकाने. मीही तोच उचलला. पंधरा रकाने भरले की झाले, अशी माझी समजूत होती.

ती पहिल्याच दाखल्याने मोडली. त्यावर जन्म ‘खुर्दाद 1346 फसली’ असा होता. निजामी राज्याचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी फसली सनात 590 मिळवावे लागतात, पुढील महिन्यांसाठी 591. खुर्दाद हा सातवा महिना, म्हणजे साधारण एप्रिल, सन 1937. मी सरसकट 590 मिळवून 1936 लिहिले आणि मूळ नोंद टाकून दिली. त्या वृद्ध गृहस्थांच्या नातवाने चूक दाखविली तेव्हा मला शरमल्यासारखे झाले. कागदावर माणूस एका वर्षाने म्हातारा करण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? तेव्हापासून दिनांकाचे दोन रकाने केले: एकात कागदावर आहे तसे, अक्षरशः, दुसऱ्यात आपण काढलेला इसवी सन. आपला हिशेब चुकला तरी मूळ पुरावा शाबूत राहतो.

स्थळाची कथा याहून गुंतागुंतीची. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद संस्थानातील जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात, उरलेला म्हैसुरात. म्हैसूरचे 1973 मध्ये कर्नाटक झाले. कल्याणीचे बसवकल्याण झाले आणि 2014 मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी. आता 1950 च्या पत्रावर ‘निलंगा, जिल्हा बिदर’ असे असेल, तर ते लातूर जिल्ह्याखाली शोधणाऱ्यास कसे सापडावे? लातूर जिल्हा तर 1982 चा! यावर उपाय असा, की प्रत्येक गावास एक कायम क्रमांक द्यावा आणि त्याखाली त्याची सर्व नावे, सर्व जिल्हे, त्या त्या वर्षांसह, मराठी, कन्नड, उर्दू या तिन्ही लिप्यांत नोंदवावेत. शोधणारा कोणत्याही नावाने येवो, तो त्याच गावी पोहोचतो.

लिपीचा उल्लेख आलाच आहे, तर एक सांगतो. भाषा आणि लिपी यांचे रकाने वेगळे ठेवावेत. मोडीतील पत्राची भाषा बहुधा मराठीच असते. पण ते वाचणारा माणूस निराळा शोधावा लागतो. संगणकाच्या युनिकोड या प्रमाण वर्णसंचात मोडीस 2014 साली जागा मिळाली. हुंड्या-खतपत्रांवर तर एकाच पानात दोन-तीन भाषा नांदतात. म्हणून भाषेचा रकाना एकदाच भरण्याचे बंधन नसावे.

सर्वांत अधिक वाद झाला तो एका रकान्यावरून. जुन्या दाखल्यांवर जात लिहिलेली असते. ती संकेतस्थळावर दिसावी काय? अभ्यासकास ती हवी, हे मान्य. पण ज्याचा दाखला आहे, त्याच्या नातीने आजोबांचे नाव शोधताच ती जगासमोर यावी, हे मला पटेना. म्हणून प्रत्येक रकान्यासोबत ‘कोणास दिसावा’ ही खूण जोडली. मूळ नोंद शाळेत सुरक्षित. जात व घरचा पत्ता बाहेर दिसणार नाहीत. दाखल्याचे चित्र चढविण्यापूर्वी तेवढा भाग झाकावा लागतो, हे आम्हांस उशिरा सुचले.

आराखडा कितीही देखणा असला तरी तो भरतो नववीचा विद्यार्थी, शाळा सुटल्यावर. त्याच्यापुढे पंधरा रकाने ठेवले, तर तो सात रकान्यांत ‘इतर’ लिहून मोकळा होतो. म्हणून सक्तीचे पाचच ठेवले: शीर्षक, प्रकार, मूळ दिनांक, गाव, कोणी दिले. विषयांसाठी ठरलेली यादी दिली. नाही तर एक ‘सहल’ लिहितो, दुसरा ‘शैक्षणिक सहल’, तिसरा ‘प्रवास’. आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर मान्य केले. रिकाम्या रकान्यापेक्षा ते बरे, कारण कोणी तरी पाहिले आणि त्यास कळले नाही, एवढे तरी त्यातून कळते.

अशी ‘माहीत नाही’ची छायाचित्रे बाहेरच्या ओसरीवर मेजावर मांडली आहेत. प्रत्येकाच्या पाठीस क्रमांक आणि शेजारी पेन्सिल आहे. चेहरा ओळखू आला तर नाव लिहावे; खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह घालावे. त्यासाठीही रकाना केला आहे.