थायरॉईडचा रिपोर्ट नवरा-बायकोने मिळून वाचावा



लग्नाला दोन-तीन वर्षे झाली तरी दिवस राहत नाहीत. पाळी मागेपुढे होते किंवा अंगावरून फार जाते. सदा थकवा, थंडी सोसत नाही, केस गळतात, वजन वाढते. अशा वेळी घरात बाईलाच बोल लावतात, अंगारे-धुपारे सुरू होतात. पण तिच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद झाली असेल, तर ते रक्ताच्या तपासणीत कळते आणि त्यावर औषध आहे.

ग्रंथी मंद का होते?

आहारात आयोडीन कमी पडले की गलगंड होतो. त्यासाठी १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकायला बंदी आहे. मिठागराचे मीठ मासळी खारवायला ठीक. जेवणात आयोडीनयुक्तच वापरावे. पण "आम्ही दांडीकर रोज मासळी खातो, आम्हाला कसला थायरॉईड?" असे म्हणू नका. आयोडीन पुरेसे असूनही शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून ग्रंथीवरच उलटते. ते मासळीने थांबत नाही.

रिपोर्ट कसा वाचावा?

तांडेल हाक देतो, खलाशी जाळे ओढतात. खलाशी मंदावले की हाक मोठी होते. टी.एस.एच. ही मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीची हाक, तर टी-४ हे थायरॉईडचे काम. हाक वाढली आणि काम घटले, म्हणजे ग्रंथी मंद झाली. टी.एस.एच. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असावे. प्रयोगशाळेची मर्यादा रिपोर्टवर छापलेली असते. आकडा थोडाच वाढला व टी-४ ठीक असेल, तर डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. गरोदर बाईचे माप वेगळे असते.

गोळी कशी घ्यावी?

• रोज सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या ते एक तासाने.
• लोहाची व कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर. एकत्र घेतल्यास थायरॉईडची गोळी नीट लागू पडत नाही.
• मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे.
• आकडा सुधारला म्हणून गोळी सोडू नये. तो गोळीमुळेच सुधारलेला असतो.

मूल हवे असेल तर

सुरुवातीचे तीन महिने पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर अवलंबून असते. म्हणून आकडा ताब्यात येईपर्यंत निरोध वापरा. ही गोळी पाळणा लांबवणारी नव्हे; उलट उपचाराने दिवस लवकर राहू शकतात. पाळी चुकली की लगेच आरोग्य केंद्रात या. बहुधा मात्रा वाढवावी लागते. बाळंतपणानंतर मात्रा पुन्हा ठरवतात. गोळी चालू असताना बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही.

हा आजार पुरुषांनाही होतो. तेव्हा मूल होत नसेल तर दोघांनीही तपासून घ्यावे. रिपोर्ट डब्यात ठेवू नका. आशाताईंना किंवा नर्सबाईंना दाखवा.