जळगावचं विमान आणि मुंबईची वेळ
प्रवासाचं अर्थकारण : भाग 8

मोठ्या विमान कंपन्या एकाच जागेचे दर दिवसभरात चारदा का बदलतात, ते मागच्या भागात पाहिलं. आज त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. तिथे दर किती बदलले हा प्रश्नच नसतो. उद्या विमान आहे की नाही, एवढंच लोकांना हवं असतं.

जळगावचंच घ्या. डिसेंबर 2017 मध्ये एअर डेक्कनने जळगाव-मुंबई विमान सुरू केलं. बीचक्राफ्ट 1900डी, जेमतेम अठरा प्रवाशांचं. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, 2020 मध्ये, ती कंपनी थांबली ती थांबलीच. तोवर 2019 मध्ये हैदराबादची ट्रुजेट मोठं एटीआर विमान घेऊन आली होती. तिचा कारभार 2022 मध्ये आटोपला. 2024 मध्ये गोव्याच्या फ्लाय 91ने जळगाव गोवा आणि हैदराबादशी जोडलं. सात वर्षांत निदान तीन कंपन्या! धावपट्टी तीच, गाव तेच, सोन्याची पेठ आणि केळीचा व्यापारही तोच.

अशा वेळी पहिली शंका गावावर घेतली जाते. ‘तिथे प्रवासी मिळत नसतील’ हे वाक्य मुंबईत बसून बोलायला सोपं आहे. पण जळगाव-भुसावळ हा रेल्वेचा मोठा टापू आहे. रात्री गाडीत बसायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं, ही खानदेशाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. या प्रवाशाला विमान हवं असतं ते सकाळी जाऊन काम उरकून संध्याकाळी घरी परतण्यासाठी. आठवड्यातून तीनच दिवस, तेही भरदुपारी सुटणारं विमान त्याच्या काय कामाचं? तो रेल्वेकडे वळतो आणि कागदावर नोंद होते, ‘मागणी नाही’.

लहान शहरांसाठी वेगळी विमानसेवा ही कल्पना जुनी आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून 1981 मध्ये ‘वायुदूत’ काढली, ती मुख्यतः ईशान्य भारतासाठी. पुढे तिचा पसारा देशभर वाढला, तसा तोटाही वाढला आणि 1993 मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तोटा सरकार सोसणार आणि मार्ग राजकीय दबावातून ठरणार, या दोन गोष्टी एकत्र आल्या की दुसरं काय होणार होतं?

‘उडान’ योजनेने निदान या हिशेबाला चौकट दिली. 27 एप्रिल 2017 रोजी पंतप्रधानांनी सिमला-दिल्ली विमानाला झेंडा दाखवला, त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. म्हणजे महाराष्ट्र यात पहिल्या दिवसापासून आहे. साधारण तासाभराच्या प्रवासाला 2,500 रुपये कमाल भाडं ठरलं. विमानातल्या निम्म्या जागा या भाड्यात द्यायच्या आणि खर्च व उत्पन्न यांतली तूट सरकार भरून देणार. या क्षेत्रातले लोक त्याला ‘व्हीजीएफ’ म्हणतात. ही मदत तीन वर्षं, आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्या कोणाला शिरकाव नाही. पैसा येतो तो प्रामुख्याने मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या अधिभारातून. राज्यं आपला वाटा देतात, महाराष्ट्रासारख्या राज्याला तो 20 टक्के पडतो. थोडक्यात, मुंबई-दिल्ली प्रवास करणारा माणूस नकळत नांदेडकराच्या तिकिटात भर घालतो. मला यात गैर काही वाटत नाही. रस्ते आणि रेल्वेही आपण याच न्यायाने बांधले.

पण निकाल काय लागला? ‘कॅग’ने ऑगस्ट 2023 मध्ये संसदेला दिलेला अहवाल बोलका आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत 774 मार्ग वाटले गेले. त्यांतले 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनीच तीन वर्षं पुरी केली, आणि मदत संपल्यावरही मार्च 2023 पर्यंत टिकून होते फक्त 54. वाटलेल्या मार्गांच्या सात टक्के!

दोष विमानाला देता येत नाही, कारण या कामाला एटीआर 72 इतकं सोयीचं यंत्र क्वचित सापडेल. फ्रान्समधल्या तुलूझला तयार होणारं, पंख्यांवर चालणारं, सत्तरेक जागांचं हे विमान. वेग जेटपेक्षा कमी, पण तासाभराच्या अंतरात त्याने दहा-पंधरा मिनिटांचाच फरक पडतो, आणि इंधन पुष्कळ वाचतं. दीड किलोमीटरच्या आतबाहेरची धावपट्टीही त्याला पुरते. प्रवासी मागच्या दाराने चढतात, सामान पुढच्या बाजूला. दाराचीच शिडी होते, त्यामुळे वेगळ्या जिन्याची गरज नाही. जमिनीवर उभं असताना उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून रोखता येतो; वीज आणि गार हवा मिळत राहते. वैमानिक याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. जिथे विमानतळावर फारशी यंत्रसामग्रीच नाही, तिथे ही सोय लाखमोलाची. शिवाय ऐंशीपेक्षा कमी जागांच्या विमानांना देशांतर्गत उड्डाणांसाठी विमानतळ प्राधिकरण उतरण्याचं शुल्क लावत नाही.

मग अडतं कुठे? मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरली जाते. सकाळ-संध्याकाळची प्रत्येक वेळ, म्हणजे ‘स्लॉट’, सोन्याच्या भावाची. त्याच वेळेत एअरबस 180 माणसं उतरवते, एटीआर 70 आणि बीचक्राफ्ट 18. वर पंख्याचं विमान उतरताना हळू येतं, मागच्या जेटला अंतर राखावं लागतं. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने कोणाला झुकतं माप द्यावं, हे सांगायला नको. एअर डेक्कनची तर मुंबईतल्या वेळांवरून सुरुवातीपासूनच ओढाताण होती. भाड्याला सरकारने मर्यादा घातली, तूट भरून दिली. पण गावाला खरी गरज होती ती सकाळी सातच्या वेळेची, आणि ती मिळाली नाही. उडानचं सगळ्यांत मोठं अपयश माझ्या मते हेच आहे.

दुसरी अडचण कंपनीच्या आकाराची. एसटीची गाडी वाटेत बंद पडली तर आगारातून दुसरी निघते. दोन-तीन विमानांच्या कंपनीकडे दुसरी गाडीच नसते. एक विमान सुट्या भागासाठी अडकलं की त्या दिवशीच्या चारपाच फेऱ्या गळतात. जास्तीचं विमान उभं ठेवावं, तर त्याचं भाडं डॉलरमध्ये भरायचं. त्यात अनेक छोटे विमानतळ दिवसाचे ठरावीक तासच उघडे असतात. सकाळचा उशीर साचत गेला की शेवटची फेरी सूर्यास्तामुळे रद्द. जिथे उपकरणांच्या मदतीने उतरण्याची सोय नाही, तिथे वैमानिकाला पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसायला हवं. आषाढ-श्रावणात ते कुठून आणायचं? प्रवासी एकदा अडकला की पुढल्या वेळी गाडीचंच आरक्षण करतो.

कधी शेजारचा विमानतळच घास काढून घेतो. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला. वर्ष-सव्वा वर्षात गोव्याच्या हद्दीत मोपा उघडलं. दक्षिण सिंधुदुर्गाच्या माणसाला मोप्याहून देशभरची विमानं मिळायला लागल्यावर चिपीची वाट तो कशाला धरेल?

सोलापूरची गोष्ट निराळी. तिथे धावपट्टीच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी होती. कोर्टकचेऱ्या आणि आंदोलनांनंतर ती 15 जून 2023 रोजी पाडली, आणि गोव्याचं पहिलं विमान आलं जून 2025 मध्ये. अडथळा दूर झाल्यावरही दोन वर्षं गेली! त्यानंतर ऑक्टोबरात स्टार एअरने मुंबई सेवा सुरू केली. मूळ कोल्हापूरच्या घोडावत समूहाची ही कंपनी 2019 पासून तग धरून आहे. या मार्गासाठी तुटीचा भार राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून उचलला. हे चांगलंच झालं, पण मदत जागांच्या हिशेबाने देण्यापेक्षा वेळापत्रक पाळण्याच्या हिशेबाने द्यायला हवी. महिन्यात किती फेऱ्या ठरल्या वेळी झाल्या, यावर पैसा मिळू लागला तर कंपन्या जास्तीचं विमान ठेवण्याचा विचार करतील.

आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. तिथल्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळांपैकी काही जळगाव, नांदेड, अमरावती, सोलापूरसाठी कायमच्या राखून ठेवणं आजच शक्य आहे. मोठ्या कंपन्यांनी त्या एकदा अडवल्या की सुटणार नाहीत. तुमच्या गावी विमानसेवेचा मुहूर्त होईल, तेव्हा खासदारांना तिकिटाचा दर विचारू नका. मुंबईत किती वाजता पोहोचणार आणि तीन वर्षांनंतर काय, हे दोनच प्रश्न विचारा.

(पुढील भागात : विमानाच्या इंधनावरचा कर आणि राज्यांची तिजोरी)