पालथा घडा

‘पालथ्या घड्यावर पाणी’ ही म्हण आपण व्यर्थ गेलेल्या श्रमांना उद्देशून वापरतो. परंतु घडा पालथा केल्यावरच ज्यांच्या श्रमांचे चीज होते, अशीही काही माणसे जगात आहेत. अमेरिकेतील जुन्या मातीच्या भांड्यांचे संग्राहक ही ती माणसे. जुन्या बाजारात एखादी फुलदाणी हाती आली की तिचा रंग किंवा तिच्यावरची नक्षी न्याहाळण्याआधी संग्राहक ती अलगद उलटी करतो आणि तिच्या बुडाकडे पाहतो. तेथे कारखान्याचे चिन्ह असते, आकाराचा क्रमांक असतो, कधी साल तर कधी कारागिराची आद्याक्षरे असतात. कधी काहीच नसते. हा छंद काय आहे, ही भांडी घरात कशी मांडतात आणि बुडावरच्या त्या चार अक्षरांत काय दडलेले असते, याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

अमेरिकेत मातीची भांडी पूर्वापार बनत होती. लोणची, खारवलेले मांस, लोणी साठविण्यासाठी आपल्या लोणच्याच्या बरणीसारखी जाड, दणकट भांडी गावोगावी होत. भांड्याकडे कलावस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी मात्र तेथे उशिरा आली. १८७६ साली फिलाडेल्फिया येथे स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त मोठे प्रदर्शन भरले. तेथील जपानी भांडी पाहून ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरच्या मारिया लाँगवर्थ निकोल्स ही बाई प्रभावित झाली. तिने १८८० साली ‘रुकवुड’ नावाचा कारखाना काढला. १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात रुकवुडच्या भांड्यांना सुवर्णपदक मिळाले आणि अमेरिकन मातीची भांडीही दिवाणखान्यात ठेवण्याजोगी असतात, हे सर्वांना पटले.

पुढे ओहायो राज्य या उद्योगाचे माहेरघर बनले. चांगली माती आणि भट्टीसाठी कोळसा व नैसर्गिक वायू या गोष्टी तेथे हाताशी होत्या. झेन्सव्हिल आणि त्याच्या आसपास वेलर, रोझव्हिल, मॅकॉय, हल असे कारखाने उभे राहिले. वेलर १९४८ साली, रोझव्हिल १९५४ साली, हल १९८६ साली आणि मॅकॉय १९९० साली बंद पडला. कारखाना बंद पडला की त्याच्या मालाची संख्या कायमची ठरते. नंतर ती फुटण्यानेच बदलते. संग्राहकाची ओढ येथून सुरू होते.

चिन्हांची बाराखडी

बुडावरच्या चिन्हांचे एक स्वतंत्र शास्त्रच आहे. रुकवुडने १८८६ साली ‘आर’ आणि ‘पी’ ही दोन अक्षरे पाठीला पाठ लावून चिन्ह म्हणून घेतली. त्यानंतर दर वर्षी त्या चिन्हाभोवती एक ज्वाला वाढविण्यात आली. १९०० साली चौदा ज्वाला झाल्या. १९०१ पासून चिन्हाखाली रोमन आकड्यांत साल येऊ लागले. म्हणजे ज्वाला मोजता आल्या की भांड्याचे वय कळते. याशिवाय ज्याने चित्र काढले त्याची सहीही भांड्यावर असे. १८८७ साली रुकवुडमध्ये आलेला जपानी चित्रकार कातारो शिरायामादानी आपले नाव जपानी लिपीत लिहीत असे. परदेशात राहून त्याने आपली लिपी सोडली नाही. आज ती अक्षरे दिसताच भांड्याचा भाव कितीतरी पटीने चढतो.

न्यू ऑर्लीन्स येथील न्यूकम या स्त्रियांच्या महाविद्यालयात १८९५ साली भांड्यांचा विभाग सुरू झाला. कला शिकलेल्या मुलींना स्वतःच्या कमाईचे साधन मिळावे हा त्यामागील हेतू होता. येथे चाकावर भांडे घडविण्याचे काम पुरुष करीत आणि नक्षीचे काम मुली करीत. त्यामुळे न्यूकमच्या भांड्याच्या बुडाशी संस्थेच्या चिन्हाबरोबर नक्षी काढणारीची आद्याक्षरे असतात आणि पुष्कळदा घडविणारा जोसेफ मायर याचीही अक्षरे असतात. एका भांड्यावर दोन कष्टकऱ्यांची नोंद, ही गोष्ट माझ्या मते त्या निळ्या-हिरव्या नक्षीइतकीच सुंदर आहे.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील व्हॅन ब्रिगल कारखान्याचे चिन्ह तर एक करुण कथाच आहे. आर्टस व्हॅन ब्रिगल हा रुकवुडमधील कलावंत क्षयरोगामुळे कोरड्या हवेच्या शोधात तेथे गेला. त्याने व त्याची पत्नी अ‍ॅन हिने मिळून कारखाना काढला. एकमेकांना जोडलेले दोन ‘ए’ हे त्यांचे चिन्ह. त्यातला एक त्याचा आणि दुसरा तिचा. १९०४ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. कारखाना मात्र २०१२ पर्यंत चालला आणि ते दोन ‘ए’ शतकभर मातीत उमटत राहिले.

याउलट रोझव्हिलसारख्या मोठ्या कारखान्यांत बहुतेक माल साच्यातून निघे. त्याच्या बुडावर कारखान्याचे नाव, आकाराचा क्रमांक आणि इंचांतील माप एवढेच सापडते. साचा भरणारा, कडा घासणारा, फुलांना रंग देणारी, भट्टी लावणारा यांपैकी कोणाचेही नाव तेथे नसते. ही भांडी त्या काळी साध्या संसारी माणसाला परवडत होती. ती परवडावीत म्हणून ज्यांनी हात चालविले ते हात मात्र निनावी राहिले.

डेव्हची सही

या सर्व सह्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एका गुलामाची सही. दक्षिण कॅरोलिना राज्यातील एजफील्ड भागात डेव्ह नावाचा कुंभार होता. तेथील श्रीमंत जमीनदारांच्या मालकीच्या कारखान्यांत गुलाम राबत. मांस आणि चरबी साठविण्याचे प्रचंड रांजण तो घडवी. १८३४ साली त्या राज्यात गुलामांना लिहावाचावयास शिकविण्यास बंदी करणारा कायदा झाला. अशा राज्यात हा मनुष्य ओल्या मातीवर काडीने तारीख घाली, दोन ओळींची कविता लिही आणि खाली ‘डेव्ह’ अशी सही करी. त्याच्या अनेक भांड्यांवर ‘एल. एम.’ ही अक्षरेही आहेत. ती त्याचा मालक लुईस माइल्स याची. एकाच रांजणावर घडविणाऱ्याचे नाव आणि घडविणाराच ज्याच्या मालकीचा आहे त्याचे नाव शेजारी शेजारी नांदत आहे.

माझे आजोबा जन्मभर कागदावर अंगठा उठवीत आले. त्यामुळे स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने लिहिणे म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. डेव्हला तर त्या अक्षरांसाठी शिक्षाही होऊ शकली असती. गुलामगिरी संपल्यावर त्याने डेव्हिड ड्रेक असे पूर्ण नाव घेतले. ते आडनावही एका जुन्या मालकाचे होते.

२०२१ साली त्याचा १८५८ मधील एक रांजण लिलावात पंधरा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. तो अर्कान्सॉ राज्यातील एका संग्रहालयाने घेतला. मग प्रश्न असा उभा राहतो की, ज्याच्या श्रमावर त्याचा स्वतःचाच हक्क नव्हता, त्याची वस्तू मुळात विकली तरी कोणी? २०२५ साली बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. आपल्याकडील डेव्हच्या दोन भांड्यांची मालकी त्याने वंशजांना परत केली आणि त्यांपैकी एक भांडे रीतसर पैसे मोजून त्यांच्याकडून पुन्हा विकत घेतले. भांड्याच्या अंगावरचे नाव वाचून न्याय करता येतो, याचे हे उदाहरण होय.

किंमत कशाची?

किमतीचे गणित नेहमीच असे न्यायाचे नसते. मिसिसिपीतील बिलॉक्सी गावचा जॉर्ज ओर हा कुंभार कागदासारख्या पातळ भांड्यांना मुरड घालून, चेपून विचित्र आकार देई. लोक त्याला वेडा म्हणत. त्याची हजारो भांडी विकली गेलीच नाहीत. १९१८ साली तो वारला. १९७० च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने तो सर्व साठा कुटुंबाकडून विकत घेतला आणि आज ओरची भांडी मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. दुसरे टोक चित्रकार अँडी वॉरहॉल याचे. त्याला बिस्किटांच्या साध्या चिनी मातीच्या बरण्या जमविण्याचा नाद होता. त्याच्या मृत्यूनंतर १९८८ साली सुमारे पावणेदोनशे बरण्यांचा लिलाव झाला आणि त्यांना जवळजवळ अडीच लाख डॉलर मिळाले. बाजारात काही डॉलरांना मिळणारी बरणी एका रात्रीत महाग झाली, ती घडविणाऱ्याच्या नव्हे तर जमविणाऱ्याच्या नावामुळे.

किंमत आली की नक्कलही येते. १९९० च्या दशकात रोझव्हिलच्या फुलदाण्यांच्या चिनी नकला अमेरिकेत आल्या. अस्सल मालावर कारखान्याच्या नावाखाली ‘यू. एस. ए.’ अशी अक्षरे असत. पुष्कळ नकलांवर ती नसतात. पण रोझव्हिलच्या जुन्या अस्सल मालावर नुसती कागदी चिठ्ठी असे आणि ती कधीच गळून पडलेली असते. तेव्हा एकट्या चिन्हावर विसंबून चालत नाही. वजन, नक्षीचा ठसठशीतपणा, झिलईचा पोत हे सर्व पाहावे लागते. आपण मडके घेताना टिचकी मारून आवाज ऐकतो, तसेच संग्राहकही करतो. खणखणीत आवाज आला तर भांडे शाबूत, बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे. अतिनील प्रकाशाच्या विजेरीखाली डागडुजी केलेली जागा बहुधा वेगळी चमकते. झिलईवरील केसांसारख्या रेषा मात्र तडे नव्हेत. माती आणि झिलई कमीअधिक आकसल्यामुळे त्या पडतात आणि जुन्या भांड्यांत त्या बऱ्याच प्रमाणात क्षम्य मानतात.

घरातील मांडणी

संग्रह जमला की तो ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न येतो. अमेरिकन घरांत शेकोटीवरची फळी, भिंतीलगतची ताटे उभी ठेवण्याची पट्टी आणि काचेची दारे असलेले फडताळ या भांड्यांच्या नेहमीच्या जागा. कोणी एकाच कारखान्याचा माल एकत्र लावतात, कोणी एकाच रंगाच्या छटा. वेस्ट व्हर्जिनियातील होमर लाफलिन कंपनीने १९३६ साली काढलेली ‘फिएस्टा’ नावाची ताटे-वाट्या तर रंग मिसळून मांडण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. त्यांतील जुन्या तांबड्या रंगात युरेनियम वापरीत. महायुद्धात १९४३ साली सरकारने युरेनियम ताब्यात घेतले आणि तो रंग बंद पडला. १९५९ साली तो परत आला आणि १९७२ पर्यंत टिकला. या जुन्या तांबड्या ताटांतून आजही सौम्य किरणोत्सर्ग होतो. म्हणून ती शोभेसाठी ठेवावीत, त्यांत आंबट पदार्थ वाढू नयेत. जुन्या झिलईत शिसेही असू शकते.

आणखी काही नियम सांगता येतील. फळी भक्कम असावी आणि जड भांडे खाली ठेवावे. भूकंपाच्या प्रदेशात बुडाला संग्रहालयात वापरतात तसले मऊ मेण लावून भांडे फळीला चिकटवून ठेवतात. फुले ठेवायचीच असतील तर फुलदाणीत काचेचा पेला ठेवून त्यात पाणी घालावे, कारण झिलईतील रेषांतून पाणी मातीत मुरते. ताटे एकावर एक रचताना मध्ये कापड घालावे. भांडे उचलताना कानाला किंवा काठाला न धरता दोन्ही हातांनी पोटाशी धरावे.

शेवटचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक भांड्याची एक चिठ्ठी करावी. ते कोठून घेतले, बुडावर काय लिहिले आहे, कोणी घडविले, कोणी रंगविले, हे तिच्यावर लिहावे. काही जण भांड्याखाली लहानसा आरसा ठेवतात, म्हणजे न उचलताही बुड दिसते. असे केले नाही तर संग्रह म्हणजे रंगीत वस्तूंची नुसती रांग होते.

आपल्याकडे लग्नाकार्यात दिलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. ते नाव देणाऱ्याचे असते, नाहीतर घेणाऱ्याचे. ठोके मारून तो हंडा घडविणाऱ्या तांबटाचे नाव त्यावर कोणी घालत नाही. अमेरिकेतील संग्राहकांचा छंद महागडा आहे, त्यात हौस आहे, व्यापार आहे आणि थोडा दिखाऊपणाही आहे. परंतु वस्तू हाती घेताच ती कोणाच्या हातची आहे हे विचारण्याची सवय तो माणसाला लावतो. ही सवय लावून घ्यावयास पैसे पडत नाहीत.