सिस्टर, जरा बघता का?

सलाईन संपलं, अंगात ताप भरला, पेशंट असंबद्ध बोलायला लागला, की नातेवाइकांची पहिली हाक सिस्टरलाच जाते. डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, औषधं लिहून पुढच्या खाटेकडे वळतात. मधल्या तासांत रुग्ण असतो तो नर्सच्या नजरेखाली. ही नजर केवळ मायेने येत नाही, त्यामागे काही वर्षांचं शिक्षण असतं.

बारावीनंतर नर्सिंगचे दोन मुख्य रस्ते आहेत. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका, तर बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी मिळवता येते. पुढे एमएस्सीला बालरोग, मानसिक आरोग्य असे विशेष विषय घेता येतात. शरीररचना, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र वर्गात शिकायचं आणि वॉर्डात ड्युट्या करून हात बसवायचा. परीक्षा पास झाल्यावरही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय राज्यात नर्स म्हणून काम करता येत नाही. मुलगेही हे शिक्षण घेतात. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात.

या शिक्षणाचा कस लागतो तो बारीकसारीक वाटणाऱ्या कामांत. 500 मिली सलाईन आठ तासांत द्यायचं असेल आणि सेटमधून 20 थेंबांना एक मिली जात असेल, तर मिनिटाला साधारण 21 थेंब पडायला हवेत. हृदयविकाराच्या रुग्णाला तेच सलाईन भराभर गेलं, तर फुप्फुसांत पाणी साठू शकतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, मिलीला 40 युनिटच्या आणि 100 युनिटच्या. 100च्या बाटलीतलं औषध 40च्या सिरिंजमध्ये तिच्या खुणांप्रमाणे भरलं, की डोस अडीचपट होतो आणि साखर धोकादायक उतरते. म्हणून योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी नर्स दर वेळी पडताळते.

बिघाडाची पहिली चाहूलही बहुधा तिलाच लागते. साठ किलोच्या रुग्णाची लघवी तासाला 30 मिलीच्या खाली गेली, श्वासांची गती वाढली, की ती डॉक्टरांना बोलावते. पाळी बदलताना हे सगळं पुढच्या सिस्टरला तोंडी आणि लेखी सोपवलं जातं. त्यात एखादी नोंद राहिली, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, हा नियम ऐकायला सोपा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची 1973पासून 2015पर्यंत, म्हणजे सुमारे 42 वर्षं शुश्रूषा केली आणि त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाहीत. शास्त्र रोज, न कंटाळता पाळलं तर काय साधतं, ते यातून दिसतं.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक नर्स हवी, हा मान्य निकष आहे. एका नर्सवर अनेक गंभीर रुग्ण टाकले, तर तिची पदवी कितीही मोठी असो, नजर अपुरीच पडणार. संसदेने 2023मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा केला. शिक्षणाचा दर्जा त्याने सुधारेलही, पण वॉर्डातली रिकामी पदं भरल्याशिवाय रुग्णाला त्याचा लाभ मिळणार नाही.

रुग्णालय निवडताना आपण डॉक्टरांच्या पदव्या आणि यंत्रांची यादी पाहतो. यापुढे आणखी दोन प्रश्न जरूर विचारा : इथल्या नर्स नोंदणीकृत आहेत का, आणि रात्रपाळीत किती रुग्णांमागे एक असते?